रंगीत पेन्सिलींनी रंग मिसळताना या चुका टाळा

रविवारचा क्लास सुटला की मी सगळ्यांची चित्रं ओळीने मांडून बघते. मुलं बदलतात, मोठी माणसंही येतात, पण चुका त्याच. त्यातल्या दोन चुका तर अशा आहेत की तेवढ्या सुटल्या तरी निम्मं काम झालं. म्हणून आधी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिली चूक म्हणजे सुरुवातीपासूनच हात दाबून रंग भरणं. जलरंग पाण्यात एकमेकांत विरघळतात, पेन्सिलीचे रंग तसे विरघळत नाहीत. शिसातलं रंगद्रव्य मेणात किंवा तेलात बांधलेलं असतं आणि ते कागदाच्या खरखरीत अडकून बसतं. या खरखरीला आम्ही टूथ म्हणतो. हलक्या हाताने एक रंग दिला तर तो उंचवट्यांवर बसतो आणि खळगे मोकळे राहतात. दुसऱ्या रंगाला तिथे जागा मिळते, शिवाय खालचा रंग वरच्यातून डोकावत राहतो. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. धागे वेगळेच राहतात, पण पदर हलला की रंग पालटतो, आणि ती मिसळ आपल्या डोळ्यांत होते. पेन्सिलीचं कामही असंच चालतं.

हे मला कळलं तेही एका पैठणीमुळेच. एका ताईंनी आईच्या पंचाहत्तरीसाठी तिचं चित्र करून मागितलं होतं. साडी हिरवी-जांभळी धूपछाव. चेहऱ्यालाच तीन आठवडे गेले आणि साडीला उरले दोन दिवस. मी हिरवी पेन्सिल घेतली आणि पहिल्याच थरात दाबून भरून टाकलं. दिसायला इतकं छान, गडद, चकचकीत दिसलं की मलाच बरं वाटलं. मग त्यावर जांभळा द्यायला गेले तर तो बसेचना. मेणकापडावर खडू फिरवावा तशी पेन्सिल नुसती घसरत होती. आणखी जोर लावला तर टोकाने हिरवा रंगच खरवडून निघाला आणि तिथे पांढुरका ओरखडा उमटला. पुटी रबराने, म्हणजे कणकेसारख्या मऊ खोडरबराने, थोडा रंग उचलला, पण टूथ चेपला गेला होता, तो काही परत येत नाही. चित्र तसंच दिलं. वाढदिवसाला आजींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “चेहरा माझाच आहे गं, पण पैठणी माझी नाही.” मी ते चित्र परत आणलं आणि नव्या कागदावर पहिल्यापासून केलं. या वेळी साडीला हिरव्या-जांभळ्याचे आलटून पालटून सात थर दिले, सगळे हलक्या हाताचे.

तेव्हापासून पहिले तीन थर देताना मी पेन्सिल अगदी मागे धरते. टोकाजवळ धरली की जोर आपोआप लागतो. पहिला थर झाल्यावर कागदाचा पांढरेपणा सगळीकडे दिसायलाच हवा. तुम्हाला वाटेल की काहीच रंग आला नाही, तर वाटू द्या. प्रत्येक थराची दिशा बदला : एक उभा, एक आडवा, एक तिरका. दाबून घोटायचं ते अगदी शेवटी, आणि एकदाच. तीस सेकंदांच्या व्हिडिओत अख्खा आंबा रंगवून होतो, त्यावर जाऊ नका. त्यामागचे तास कापलेले असतात.

दुसरी चूक काळ्या पेन्सिलीची. सावली म्हटली की हात काळ्याकडे जातो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मी क्लासमध्ये वांगं मुद्दाम देते. बहुतेक जण जांभळा भरतात आणि कडेला काळा घासतात. मग ते वांगं काजळी धरल्यासारखं दिसतं, कारण काळा खालच्या रंगाचा जीवच घेतो. खरं वांगं खिडकीपाशी ठेवून बघा. जिथे ते काळं भासतं तिथेही निळसर झाक असते आणि खालच्या कडेला टेबलाचा उजेड परतलेला असतो. चकाकीची जागा कोरी सोडा. तिच्याभोवती फिकट निळा द्या, मग सगळ्या वांग्यावर किरमिजी, त्यावर जांभळा, सावलीत इंडिगो म्हणजे गडद निळा आणि सगळ्यात गडद जागी थोडा गडद तपकिरी. इंडिगो आणि गडद तपकिरी मिळून जो काळा होतो, तो डबीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी खोल दिसतो. लाल टोमॅटोची सावली हवी असेल तर लालावर गडद हिरव्याचा हलका थर द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो एवढ्यावर विसंबू नका. लिंबासारखा पिवळा आणि फिरोजी निळा घेतला तर पोपटी, तजेलदार हिरवा येतो. केशरीकडे झुकणारा पिवळा आणि अल्ट्रामरीन, म्हणजे जांभळ्याकडे झुकणारा निळा, घेतला तर मळकट येतो. जुन्या पानाला तोच हवा असतो, कोवळ्याला नाही. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून बघा, वहीच्या पानावर नको.

फिकट पेन्सिल गडद रंगावरून फिरवली की तिच्या टोकाला तो रंग लागतो. प्रत्येक वेळी रद्दी कागदावर टोक पुसा.

पिवळ्याखाली शिसपेन्सिलीची रेघ ठेवू नका. रंग राखाडी होतो आणि नंतर ती रेघ खोडताही येत नाही.

बोटाने रंग पसरवू नका. बोटाला तेल असतं. भुकटीही हाताने झटकू नका, मऊ ब्रशने उडवा.

पांढरी पेन्सिल ही मिसळायची जादू नाही. तिने रंग एकजीव होतात हे खरं, पण फिके आणि दुधाळही होतात. गालाला चालेल, पैठणीला नाही.

बेबी ऑइल किंवा टर्पेंटाइनने रंग विरघळवता येतो, पण पातळ कागदावर तेलाचा डाग मागे उमटतो. मी 300 जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनापेक्षा) पातळ कागदावर हे करत नाही, आणि ज्यांचे हलके थर अजून जमलेले नाहीत त्यांना करूही देत नाही.

बहात्तर पेन्सिलींचा डबा आधी घेऊ नका. चोवीस पुष्कळ झाल्या. तयार छटा हाताशी असली की मिसळायला कुणी जात नाही.

आणि चित्र झाल्यावर आठ-दहा दिवसांनी गडद भागावर बुरशीसारखी पांढुरकी साय दिसली तर घाबरून वर पुन्हा रंग चढवू नका. शिसातलं मेण वर आलेलं असतं. जाड थरावर आणि मेणाच्या पेन्सिलींत हे जास्त होतं, तेलाच्या पेन्सिलींत कमी. जुन्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्याने अलगद पुसलं की रंग खाली तसाच असतो. मग फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे, दोन पातळ फवारे मारा, ते वाळू द्या आणि त्यानंतरच चित्र फ्रेमवाल्याकडे न्या.