रेकॉर्ड अल्ट्रासॉनिक यंत्रात धुताना पाण्याचे तापमान सांभाळा

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणाऱ्याने आधी याच गोष्टीकडे लक्ष द्यावे. साधारण ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचांत रुतलेली काळ्या मातीची धूळ सुटी करतात. मात्र याच क्रियेत पाणीही तापत जाते, आणि रेकॉर्डीचे विनाइल, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, उष्णतेने वाकते. म्हणून थर्मामीटर लावून पाणी ३५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे आणि दोन रेकॉर्डींच्या मध्ये यंत्राला विसावा द्यावा. उन्हाळ्यात मी हे काम पहाटेच उरकतो. बोअरचे पाणी कटाक्षाने टाळावे, कारण ते वाळल्यावर खाचांत क्षारांचा पांढुरका थर उरतो व सुई त्यावरून खरखरत जाते. डिस्टिल्ड पाणीच वापरावे, कागदी लेबल पाण्याच्या वर राहील असे पाहावे आणि सुमारे १० मिनिटे रेकॉर्ड सावकाश फिरू द्यावी. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल मुळीच लावू नये. त्याने लाख विरघळते. ओरखडे कोणत्याही धुण्याने जात नाहीत. धुतलेली रेकॉर्ड सावलीत उभी वाळवून नव्या पाकिटात ठेवावी, नाहीतर जुन्या पाकिटातली धूळ पुन्हा खाचांत उतरते.