एसीएल (फाइलवर कोणाला काय करता येईल याची यादी) लावूनही परमिशन डिनाइड येतंय? असं तपासा

लिनक्सवर एलएस -एल (ls -l) कमांड मारा, परमिशनच्या शेवटी + दिसलं म्हणजे फाइलला एसीएल आहे, मग ती यादी दाखवणारी गेटएफएसीएल (getfacl) कमांड चालवा. कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी बघतो तुम्ही ओनर आहात का, असाल तर फक्त ओनरचीच ओळ लागू, ग्रुपला जास्त हक्क असले तरी उपयोग नाही. नसाल तर तुमच्या नावाची ओळ, तीही नसली तर ग्रुप, आणि ग्रुप जुळला पण परवानगी नाही मिळाली तर तो अदरकडे (बाकी सगळ्यांच्या ओळीकडे) जातच नाही.

खरी गोची मास्कमध्ये असते, म्हणजे ओनर आणि अदर सोडून बाकीच्या ओळींना जास्तीत जास्त किती हक्क मिळतील त्या मर्यादेत! तुमच्या ओळीत आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं) आहे पण मास्क फक्त आर (वाचणं), तर लिहिता येणारच नाही, शेजारी इफेक्टिव्ह म्हणून दिसतं तेच खरं. आणि अशा फाइलवर सीएचमॉड 600 (chmod, साध्या परमिशन बदलणारी कमांड) मारलं तर मास्कच रिकामा होतो, म्हणून तिथे एसीएल बदलणारी सेटएफएसीएल (setfacl) कमांडच वापरा.