घरी गाण्याचा क्लास सुरू करताय? आधी पट्टी लिहा

जूनमध्ये शाळा उघडल्या की सांगलीत घरगुती गाण्याचे क्लासही सुरू होतात. यंदा नव्याने शिकवायला बसणाऱ्यांसाठी ही तयारी लिहून ठेवतेय. गेल्या वर्षी बाकी सगळं जमवलं आणि एकच गोष्ट राहिली, तिच्यापायी माझी पोरं दिवाळीपर्यंत बेसूर घोटत बसली. तुमच्याकडे तसं होऊ नये.

सतरंजी, पंखा, प्यायचं पाणी, चपला काढायला जागा, हे सांगायला नको. शेजाऱ्यांना मात्र आधी भेटून या. फ्लॅटमध्ये डग्ग्याचा घुमारा खालच्या घरात उतरतो, तेव्हा तबल्याच्या चुंबळीखाली जाड गादी घाला आणि लोकांच्या वामकुक्षीच्या वेळेत वाद्याला हात लावू नका.

फी महिन्याची, आगाऊ, दहा तारखेच्या आत. मूल आलं नाही तर तो तास बुडाला. तुम्ही नसाल तर तास भरून द्यायचा. लग्नसराईत आणि गणपतीत यावरून हमखास कुरबुर होते, म्हणून हे तोंडी नको. एका कागदावर लिहा, पालकांची सही घ्या, त्याचा फोटो त्यांना पाठवा. खोलीचं दार उघडं राहील आणि पालक कधीही येऊन बसू शकतील, हेही त्याच कागदावर असू द्या. यावर कोणाशी चर्चा करायची गरज नाही.

आणि त्याच कागदावर, सगळ्यात वर, ठळक अक्षरात मुलाची पट्टी, म्हणजे ज्या सुरावर त्याचा सा धरून गायचं तो सूर.

हेच माझं राहिलं होतं. मी पहिल्या तासाला प्रत्येकाचा आवाज बघितला, पट्टी मनात धरली आणि शिकवत सुटले. घरी रियाज कशावर करायचा, हे कोणालाच लिहून दिलं नाही. एक मुलगी क्लासमध्ये काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली चौथी काळी सा धरून, गायची. काही आठवड्यांनी ती सा लावायला बसली की आधी खालीच उतरायची, मग मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून स्वर शोधत वर यायची. मला वाटलं, घसा बसलाय. शेवटी तिच्या आईने फोन पुढे केला. त्यातला तंबोरा काळी एकवर होता, कारण ॲप उघडल्यावर तीच पट्टी समोर आली होती आणि कोणी बदललीच नव्हती. पोरगी रोज मन लावून रियाज करत होती, पण भलत्याच सुरात. वडिलांनी तिच्या मोठ्या भावासाठी तबला आणला तोही त्याच काळी एकचा, साडेपाच इंची तोंडाचा. तो काळी चारला चढवायच्या नादात बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून वरचं कातडं, म्हणजे पुडी, फाटली. पैसे गेले, आणि मुलगा हिरमुसला तो वेगळाच.

म्हणून पट्टी ठरवा, लिहा, मग खरेदी. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

साधारण अंदाज असा. मुली आणि लहान मुलं काळी चार-पाचच्या आसपास बसतात, आवाज फुटून गेलेले मुलगे काळी एक-दोनच्या आसपास. पण अंदाजावर लिहू नका. मुलाला मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) खाली आणि तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) वर नेऊन बघा, दोन-तीन दिवस बघा, मगच लिहा. आणि दोन्ही नावांनी लिहा. आपण काळी एक म्हणतो, ॲप सी शार्प म्हणतं. काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. पालकांना हे ठाऊक असेल असं धरून चालू नका. त्यांच्यासमोर त्यांच्याच फोनवर पट्टी लावून द्या. जुनी पेटी बहुधा 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला तंतोतंत मिळालेली नसते. तुमची तशी असेल तर ॲपमधली बारीक सुराची खूण किती सरकवायची तेही लिहा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची पट्टी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्यांचा आवाज फुटत असतो, जुन्या पट्टीत ओढून गायला लावलंत तर गळा दुखावेल. बदलली की पुन्हा लिहा. मनात ठेवू नका, वहीत लिहा.

आता सामान. गाणं शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी फक्त तंबोऱ्याचा सूर लागतो. त्याला ॲप पुरतं, पण फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खरज, म्हणजे खालचा सा, ऐकूच येत नाही, तेव्हा बाहेरचा एखादा स्पीकर जोडायला सांगा. पेटी घ्यायचीच तर साधी, दुहेरी स्वरांची. पट्टी बदलायची सोय असलेली पेटी जड असते, महाग असते आणि दुरुस्तीला कटकटीची. दुकानदार तीच पुढे करतो. लहान मुलाला तिचा काही उपयोग नाही. तबल्याचं तर सांगितलंच. वरच्या पट्टीला लहान तोंड, पाच-सव्वापाच इंच. खालच्या पट्टीला मोठं. दुकानात जाताना पट्टीचा कागद खिशात हवा.

खरा तंबोरा घ्यायचा विचार असेल तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याकडच्या गाणाऱ्यांना तिथली वाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तिथेही कारागीर पहिलं हेच विचारतात की पट्टी कोणती. भोपळ्याचा आकार, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्यावर ठरतं. जवारी (तारेचा गुंजणारा नाद) लावून घेताना मुलाला सोबत न्या. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की बोथट तार एकदम बोलू लागते. हे मुलाने डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं की घरी ते दोऱ्याशी उगाच खेळत नाही. गवसणी, म्हणजे कापडी खोळ, तिथेच शिवून घ्या.

पावसाळा. पेटी जमिनीवर नको, फळीवर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडते आणि स्वरांच्या पितळी पट्ट्या बिघडतात. उंदीर भाता कुरतडतात, रोज बघा. आणि नदीचा नियम कागदावर आधीच घाला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आहे, धोका पातळी 45. पाणी 40 ला लागलं की माझा क्लास बंद आणि वाद्यं वरच्या मजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या गावभागात ज्यांनी ‘एवढं वर पाणी येत नाही’ म्हणून वाट बघितली, त्यांच्या पेट्या चिखलातून निघाल्या. फुगलेलं लाकूड पुन्हा बसत नाही. पुरात बुडालेले तास भरून द्यायचे की नाही, तेही पूर येण्याआधी ठरवा.

रियाजाची वही प्रत्येकाला. तारीख, किती वेळ, काय गायलं. पहिल्या पानावर काय, ते आता सांगायला नको. तरी सांगते, पट्टी. काळी चार, जी शार्प. दोन्ही.

क्लासमध्ये फोनवर ध्वनिमुद्रण शेवटची पाच मिनिटंच, नाहीतर मूल ऐकायचं सोडून फोनकडे बघतं. सिनेमाची गाणी कराओकेवर गायला हरकत नाही, पण रियाज झाल्यावर, कारण ती भलत्याच पट्टीत असतात.

मिरजेत अंबाबाईच्या नवरात्रातल्या मैफली आणि दर्ग्याच्या उरुसातलं गाणं, त्या संध्याकाळी सुट्टी. पोरांना घेऊन जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, गायले, त्या गावात बसून ऐकायला मिळतंय, तेव्हा घरी पलटे घोटत बसू नये.

परीक्षा: प्रारंभिकला, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेला, घाई नको, वर्षभर गाऊ द्या. फॉर्मच्या तारखा केंद्रावर जाऊन विचारा, निरोपांवर विसंबू नका. फॉर्मवरचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे. परीक्षेला साथीचा तबला कोणाचा, कोणत्या पट्टीचा, हे आठवडाभर आधी विचारून घ्या. पेटीवाल्यालाही सांगा.

मे महिन्यात अर्धी फी. दिवाळीचे पाच दिवस बंद.