जबड्याच्या सांध्यातील अॅन्युरिझमल बोन सिस्ट : निदान करताना या चुका टाळा

कानापुढे हळूहळू वाढणारी सूज, तोंड पूर्ण न उघडणे आणि अलीकडेच चावा जुळेनासा होणे अशा तक्रारी घेऊन चौदा-पंधरा वर्षांचे मूल येते, तेव्हा त्याला सांध्याचा नेहमीचा त्रास समजून वेदनाशामक गोळ्या, शेक आणि स्प्लिंट (दातांवर बसवायची पट्टी) देऊन पाठवणे ही पहिली चूक होय. स्नायूंच्या ताणामुळे दुखणारा सांधा हाताला टणक उभारी देत नाही आणि हनुवटी दिवसेंदिवस एका बाजूला सरकवत नाही. याच जागेमुळे ही सूज पॅरोटिड लाळग्रंथीची गाठ आहे, असाही समज होतो. गाठ हाडाची आहे की ग्रंथीची, हे ठरवण्यासाठी रुग्णाला तोंड उघडझाप करायला लावून सांध्याच्या डोक्यावर, म्हणजे कॉन्डाइलवर, बोट ठेवून तपासावे आणि तरीही शंका उरली तर स्कॅन करावा.

अशा तक्रारींमागे अॅन्युरिझमल बोन सिस्ट हा हाडाचा विकार असू शकतो. त्याचे नावही दिशाभूल करते. जॅफे आणि लिख्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. परंतु तो ना धमनीचा फुगवटा आहे, ना खरी सिस्ट, कारण त्याच्या पोकळ्यांना एपिथेलियमचे (आवरण-पेशींच्या थराचे) अस्तर नसते. रक्ताने भरलेले कप्पे, त्यांमधील तंतुमय पडदे, अनेक केंद्रकांच्या महापेशी आणि नव्याने तयार होणारे हाड अशी त्याची रचना असते. तो बहुधा विशीच्या आत, लांब हाडांत किंवा मणक्यांत आढळतो. जबड्यात क्वचित आणि कॉन्डाइलमध्ये तर फारच क्वचित.

केवळ ओपीजीवर (संपूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर) विसंबू नये. त्यात कॉन्डाइलवर शेजारच्या हाडांच्या सावल्या पडतात आणि साबणाच्या फेसासारखी कप्पेदार पोकळी अमेलोब्लास्टोमा या जबड्याच्या गाठीतही दिसते. कोन-बीम सीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर) हाडाचे पातळ झालेले कवच उत्तम दिसते, पण मऊ ऊतींमधील फरक नीट कळत नाहीत. त्यामुळे कप्प्यांतील द्रवाचे थर पाहण्यासाठी एमआरआय हवा. रुग्ण उताणा काही मिनिटे स्थिर पडून राहिला, तरच रक्तपेशी खाली बसून थर वेगळे होतात. ते अॅक्सियल (आडव्या) आणि सॅजिटल (डावी-उजवी बाजू वेगळी करणाऱ्या उभ्या) छेदांत दिसतात, तर कोरोनल (पुढची-मागची बाजू वेगळी करणारे उभे) छेद थरांना समांतर असल्याने त्यांत निसटतात. थर दिसले म्हणजे निदान झाले, असे मानणे मात्र अधिक घातक आहे. टेलॅन्जिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगातही असेच थर दिसतात. म्हणून जाड, घन भाग, कवच फोडून बाहेर गेलेली वाढ आणि झपाट्याने होणारा हाडाचा नाश यांचा शोध घ्यावाच.

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक म्हणजे रक्तवाहिन्यांची तपासणी न करता बायॉप्सीसाठी हाड उघडणे. धमनी-शिरांच्या जन्मजात गुंत्यामुळेही जबड्यात अशीच पोकळी दिसते आणि तेथे घातलेला एक छेद रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. हाताला ठोके जाणवणे, स्टेथोस्कोपने घरघर ऐकू येणे किंवा त्या भागातील दात हलणे व हिरडीतून आपोआप रक्त येणे, यांपैकी काहीही आढळल्यास आधी अँजिओग्राफी करावी. सुईने ओढल्यावर या सिस्टमधून सहसा गडद रक्त येते. लालभडक रक्त दाबाने उसळून सिरिंजमध्ये आले, तर तिथेच थांबावे. मात्र गडद रक्त आले म्हणून निर्धास्त होऊ नये.

त्या सुईतून आलेल्या नुसत्या रक्तावर पॅथॉलॉजिस्टकडून निदानाची अपेक्षा करू नये. नमुना पडद्यांचा आणि विशेषतः घन भागाचा असावा, कारण ही सिस्ट कधी कधी जायंट सेल ट्यूमर, फायब्रस डिस्प्लेजिया किंवा कॉन्ड्रोब्लास्टोमा यांसारख्या दुसऱ्या विकाराच्या आत निर्माण होते आणि लहान तुकड्यात तो मूळ विकार सापडतच नाही. महापेशी हायपरपॅराथायरॉइडिझमच्या (पॅराथायरॉइड हार्मोन जास्त होण्याच्या विकाराच्या) ब्राऊन ट्यूमर या हाडातील गाठीमध्येही असतात, तेव्हा अहवालावर शिक्का मारण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासावे. नमुन्यासोबत वय, जागा आणि स्कॅनच्या प्रतिमा न पाठवणे, ही सहज टाळता येणारी चूक दुर्दैवाने आजही घडते.

प्राथमिक स्वरूपाच्या, म्हणजे दुसऱ्या विकाराच्या आत निर्माण न झालेल्या, सुमारे ७० टक्के गाठींत यूएसपी६ या जनुकाची पुनर्रचना आढळते. ती सापडल्यास निदानाला बळ मिळते. न सापडल्यास निदान बाद होत नाही. मात्र या चाचणीची गरज भासेल असे वाटत असेल, तर हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल न वापरता ईडीटीए हे कॅल्शियम सौम्यपणे काढणारे रसायन वापरावे, अशी प्रयोगशाळेला आधीच सूचना द्यावी. आम्लाने डीएनए खराब झाला, तर तोच तुकडा पुन्हा तपासता येत नाही.