जीएम अन्न टाळायचंय? आधी तेल बघा

भाजीबाजारात जीएमला, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांना, घाबरायचं कारण नाही. बीटी (कीडरोधक जनुक घातलेल्या) वांग्याच्या लागवडीला 2010 पासून स्थगिती आहे आणि भारतात लागवडीची परवानगी मिळून शेतात रुळलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (2002). पण त्याच कापसाच्या सरकीचं तेल फरसाण, वेफर्स, बिस्किटांत जातं. म्हणून पाकिटामागचे घटक वाचा: ‘कापूसबी’ किंवा ‘कॉटनसीड’ दिसलं की ठेवून द्या. नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ वाचून थांबू नका, पुढे तेलाचं नाव असतं.

दुसरी वाट सोयाबीन तेलाची. आपलं सोयाबीन जीएम नाही, पण आयात तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं, म्हणजे जीएम पिकाचं. कॅनडाचं कॅनोला (मोहरीवर्गीय बियांचं) तेलही तसंच. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तपासणीतही ते सहज पकडलं जात नाही.

स्वयंपाकाला शेंगदाणा, करडई, तीळ किंवा सूर्यफूल घ्या. मिश्र तेल असेल तर कुठलं तेल किती टक्के ते बघा. पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’सारखं सेंद्रिय प्रमाणनाचं चिन्ह असेल तर उत्तम, सेंद्रिय प्रमाणनात जीएमला मनाई आहे. फळावरच्या स्टिकरचा आकडा 8 ने सुरू झाला की जीएम, हा व्हॉट्सअ‍ॅपी सल्ला मात्र सोडून द्या. तो आकडा बाजारात कुणी वापरलाच नाही.