पक्षी दिसतो, फोटो बिघडतो: नागपूरच्या हिवाळ्यात या चुका टाळा

एका हिवाळ्यात मी उमरेड रस्त्याकडच्या पारडगाव तलावावर लागोपाठ तीन रविवार गेलो. पट्टकादंब आले होते. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. प्रत्येक रविवारी तीनेकशे फोटो काढले, पण एकाही फोटोत ते पट्टे धड आले नाहीत. सगळं कसं ओल्या काचेतून पाहिल्यासारखं. लेन्स बिघडली असं ठरवून ती दुरुस्तीला टाकली. दुरुस्तीवाल्यानं आत काहीतरी ‘जुळवून’ दिलं, पैसेही चांगले घेतले. चौथ्या रविवारी पुन्हा तेच.

लेन्स ठणठणीत होती. गडबड हवेची होती.

हवा हलते, हात नाही

चुलीवरच्या तापल्या तव्यावरून पलीकडची भिंत पाहा, ती हलताना दिसते. तलावाकाठी तेच होतं. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून वर सरकते, गरम-गार थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातून येणारा प्रकाश जागोजागी वाकतो. दीडशे मीटरवरच्या हंसाचा फोटो म्हणजे त्या दीडशे मीटर हवेचाही फोटो. ६०० मिलिमीटरची लेन्स हंस मोठा करते, तशी थरथरही मोठी करते. शटरचा वेग १/४००० सेकंद करा, ट्रायपॉड आणा, काही फरक पडत नाही.

थंडीत तर पहाटेही सुटका नसते, हे मला उशिरा कळलं. पाणी रात्रभर ऊब धरून ठेवतं आणि वरची हवा आठ-दहा अंशांवर उतरलेली असते. पाण्यावरून वाफ उठताना दिसली की समजायचं, दूरचा फोटो आज नाही.

आता मी आधी पलीकडच्या काठावरचं गवत व्ह्यूफाइंडरमधून पूर्ण मोठं करून पाहतो. गवताची पाती लवलवत असतील तर लांबच्या बदकांचा नाद सोडतो आणि काठावरच्या टिटवीकडे, शेकाट्याकडे वळतो. साडेनऊनंतर शंभर मीटरपलीकडे मी कॅमेरा रोखतच नाही. गाडीतून फोटो काढणाऱ्यांची आणखी एक चूक असते: हीटर लावून आलेल्या गाडीची काच खाली करायची आणि लगेच क्लिक. आतली गरम हवा त्याच काचेतून बाहेर पडत असते. इंजिन बंद करा, दोन्हीकडच्या काचा उघडा, पाच मिनिटं थांबा. तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढू नका.

सूर्य कुठे आहे ते गाडी लावण्याआधी बघा

अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला आहे. सकाळी पाळीवर उभं राहिलात तर सूर्य पाठीमागे आणि बदकं उजेडात. ऑफिस सुटल्यावर त्याच पाळीवर आलात तर सूर्य डोळ्यांत आणि पाण्यावरचं प्रत्येक बदक काळं. “हे काळं बदक कोणतं?” असं संध्याकाळी तिथे मला दोनदा विचारलं गेलंय. एकदा तो थापट्या होता, हिरव्या डोक्याचा नर!

डिसेंबरअखेर नागपुरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो. त्या वेळी जागेवर असणं आणि त्या वेळी घरून निघणं यात सगळा फरक आहे. रविवारी तर्री-पोहे खाऊन निघणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, मीही त्यातलाच होतो. पण पोहे परतीच्या वाटेवरही मिळतात.

पक्षी काळा का येतो, पांढरा का फटफटतो

पिंपळाच्या शेंड्यावर तांबट, मागे पांढरं आभाळ. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो, चौकटीत आभाळच जास्त, म्हणून तो चित्र गडद करतो आणि तांबट कोळशासारखा येतो. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ ते +१.७ करा, आभाळ पांढरं पडेल, पडू द्या. उलट सावलीतल्या पाण्यात उभा बगळा असेल तर −०.७ ते −१. नाहीतर त्याच्या पाठीवरची पिसं जाऊन नुसता पांढरा कागद उरतो. आणि पुढच्या पक्ष्याकडे वळण्याआधी हे शून्यावर आणा. मी विसरतो. दर वेळी.

दुसरी तक्रार अशी की पक्षी धूसर आणि त्याच्या पुढची काडी स्वच्छ. तुरीच्या वावरात हे हमखास होतं. कॅमेऱ्याला सगळे फोकस बिंदू मोकळे दिले तर तो जवळची वस्तू पकडतो, म्हणजे तुरीची शेंग. एकच मधला बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र बिंदूंचा समूह आणि सतत चालणारा फोकस हवा (कॅननवर सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी).

शटरचं गणित मी असं ठेवतो: निवांत बसलेला पक्षी १/५००, धोबी पक्ष्यासारखा चुळबुळ्या १/१०००, उडणारा १/२०००. सकाळी सातच्या उजेडात एवढं शटर हवं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६००-३२०० वर जाणारच. त्यानं दाणेदार झालेला फोटो नंतर थोडाफार साफ होतो. हललेला होत नाही. मोबाइलवाल्यांना एवढंच सांगेन: बोटांनी झूम ताणू नका. पक्षी छोटा येऊ द्या, झाडासकट, वावरासकट. तसे फोटो कित्येकदा जास्त बोलके होतात.

सरळ त्याच्याकडे चालत जाणं

त्याच पारडगावला मी एकदा कॅमेरा पोटाशी धरून हंसांच्या दिशेनं निघालो होतो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलेल्या एका आजोबांनी हटकलं, “काय जी, पाखरं पाहाले आले का उडवाले?”

उत्तर नव्हतं. तोवर थवा उठलाच होता.

हंस आधी सांगतात, आपण ऐकत नाही. चरणाऱ्या थव्यातली एक मान वर होते, मग चार, मग सगळ्या. एक मान वर झाली की थांबायचं. सगळ्या झाल्या तर दोन पावलं मागे. पुढे जायचंच तर तिरपं, दुसरीकडे निघाल्यासारखं, आणि नजर त्यांच्यावर रोखून नाही. त्याहून बरं म्हणजे धुऱ्याच्या आड खाली बसून राहायचं. वीस मिनिटांत पक्षी तुम्हाला बाभळीच्या खोडात जमा करतात आणि चरत चरत स्वतःच जवळ येतात. खाली बसल्यानं फोटोही पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून येतो. लाल-पिवळं जॅकेट मात्र घरी ठेवा.

नाव सांगण्याची घाई

हिवाळ्यात सर्वांत जास्त गल्लत थिरथिरा आणि चिरक यांच्या माद्यांमध्ये होते. दोघी मातकट, दोघी भिंतीवर नाहीतर दगडावर, दोघींच्या शेपटीखाली तांबूस. चिरक बारमाही इथलीच, थिरथिरा पाहुणा. शेपटी पाहा. चिरकची शेपटी काळपट आणि उभी ताठ; थिरथिऱ्याची नारिंगी, आणि बसल्या बसल्या ती थरथरते. नाव त्यावरूनच पडलंय. फोटोत थरथर दिसत नाही, म्हणून फोटो काढण्याआधी दहा सेकंद नुसतं बघायचं.

तसंच धोब्याचं. पोट पिवळं दिसलं की लोक पिवळा धोबी लिहून मोकळे होतात. करड्या धोब्याचंही पोट पिवळं असतं. त्याची पाठ राखाडी, शेपटी जास्त लांब आणि तो बहुधा वाहत्या पाण्याच्या दगडांवर. पिवळा धोबी ओल्या गवतात, गुरांच्या पायांपाशी.

आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं मर्लिन ॲप छान आहे, पण त्यानं सुचवलेलं पहिलं नाव म्हणजे निकाल नव्हे. गोरेवाड्याला त्यानं मला शिक्रा ऐकवला. झाडावर होता कोतवाल, शिक्र्याची नक्कल करणारा.

या दोन चुकांना माफी नाही

पहिली: मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो खाणं सोडून भांडायला येतो, आणि थंडीच्या दिवसांत दिवस लहान, खायला वेळ कमी. घुबडांच्या ढोलीचं नेमकं ठिकाण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. सकाळच्या उन्हात ढोलीच्या तोंडाशी डोळे मिटून बसलेला पिंगळा दुसऱ्या दिवशी वीस जणांच्या घोळक्यासमोर बसत नाही.

दुसरी जानेवारीतली. संक्रांतीच्या आगेमागे झाडाझाडांवर नायलॉन मांजा लोंबत असतो, बंदी असूनही. अडकलेला पक्षी दिसला तर आधी फोटो काढत बसू नका आणि मांजा ओढूही नका, ओढल्यानं तो पंखात आणखी खोल रुततो. दोन्ही बाजूंनी कापा, पक्ष्यावर कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांवर उपचार करणारं केंद्र) आहे, तिथे न्या किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

घरच्या बागेत

बागेतल्या चुका साध्या असतात. पाण्याचं भांडं खोल ठेवतात. दोन इंचांपेक्षा खोल नको, आत एक दगड, आणि पाणी रोज बदलायचं. भांडं खिडकीच्या काचेसमोर ठेवू नका, काचेत झाड दिसतं आणि पक्षी त्यावर आदळतात. वाळकी काडी दिसली की छाटण्याची माळ्याची सवयही जरा आवरा. बसायला तीच लागते आणि फोटोला तीच चांगली दिसते.

आमच्या जास्वंदावर नोव्हेंबरभर एक पिवळट पक्षी यायचा, गळ्यापासून पोटापर्यंत शाईनं ओढल्यासारखी एकच गडद रेघ. मी महिनाभर पुस्तकं चाळली, नवीन काहीतरी सापडलं म्हणून दोघांना फोनही केले. तो जांभळा शिंजीर निघाला, विणीनंतर पिसं बदललेला नर. जानेवारीत त्याच्या खांद्यावर निळे ठिपके आले, फेब्रुवारीत सावर फुलेपर्यंत तो पुरता निळा-जांभळा झाला होता. मधले टप्पे टिपायचे मात्र राहून गेले, कारण त्या सगळ्या रविवारी मी तलावावर होतो.