रत्नागिरीत गणिताचा सेमिनार घेताना

तास ६० मिनिटांचा असला तरी वक्त्याला ५०च सांगा, १० प्रश्नांना लागतात. पहिल्या २० मिनिटांत एम.एस्सी.च्या मुलांना कळेल असं उदाहरण हवंच. बीजीय संख्या सिद्धांत असेल तर व्याख्येआधी फळ्यावर ६ = २×३ लिहा, खाली ६ = (१+√−५)(१−√−५). अ+ब√−५ (अ, ब पूर्णांक) या रूपाच्या संख्यांत अवयव एकमेव राहत नाहीत हे दिसलं, की 'आयडियल' (अवयवांचं एकमेवपण परत मिळवून देणारे संख्यांचे खास संच) कशाला हवं ते वेगळं सांगावं लागत नाही. सिद्धतेची मुख्य पायरी दाखवा, बारीकसारीक लेमा (मधली सहायक प्रमेयं) सोडून द्या.

स्लाइडपेक्षा फळा बरा. लिहिण्याच्या वेगाने ऐकणाऱ्याला विचार करता येतो, आणि पावसात वीज गेली तरी अडत नाही. फक्त दमट हवेत खडू ओलसर होऊन नुसता घसरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं फडकं नकोच, फळा वाळता वाळत नाही.

पाहुणा मुंबईहून येणार असेल तर आदल्या दिवशीच बोलवा: पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात. व्याख्यानाचा सारांश आठवडाभर आधी मागवा. शेवटी सगळे गप्प बसले, तर संयोजकाने विचारावं, "हे गृहीतक काढलं तर काय बिघडतं?"